बोट मोबाइलवर, कॉम्प्युटर दुकानात

प्रश्न : माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत गावी गेलो की गिऱ्हाइकाचा हमखास फोन येतो, ‘पत्रिकेत एक नाव राहिलंय, तेवढं टाका.’ परवा भाच्याने मोबाइलमध्ये एक ॲप बसवून दिलं आणि दुकानातला कॉम्प्युटर थेट मोबाइलवर उघडला. पेजमेकरसुद्धा चालला! पण पेजमेकर तर मोबाइलमध्ये चालतच नाही. मग मी बोट लावतो तेव्हा नेमकं काय कुठून कुठे जातं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पेजमेकर दुकानातच चालतो. मोबाइलवर येतं ते त्याचं चित्र, आणि मोबाइलवरून परत जातं ते तुमच्या बोटाचं ठिकाण. फाइल, फॉन्ट, पेजमेकर, प्रिंटर यांतलं काहीही जागचं हलत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. हे काम कधी अडखळतं, बोट का चुकतं आणि यात धोका कुठे आहे, सगळ्यांचं मूळ इथेच आहे.

कल्पना जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेत माउसचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक केलं. त्याच्या हाताखाली माउस होता, पण कॉम्प्युटर सभागृहात नव्हताच. तो सुमारे ५० किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. पडद्याचं चित्र मायक्रोवेव्हने सभागृहात येत होतं आणि माउसच्या हालचाली टेलिफोनच्या लाइनवरून तिकडे जात होत्या. चित्र इकडे, हात तिकडे. तुम्ही गावी बसून करता ते हेच.

आजची बरीच ॲप ज्या वाटेने चालतात ती वाट व्हीएनसी या प्रोग्रॅमने घालून दिली. इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती. पुढे ती ओरॅकलच्या भागीदारीत आणि नंतर एटी अँड टीकडे गेली. तिथल्या संशोधकांनी ‘व्हिडिओटाइल’ नावाचा पेनाने चालणारा एक सपाट पडदा तयार केला होता. त्याच्या आत स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. दूरच्या कॉम्प्युटरचं चित्र दाखवायचं आणि पेन कुठे टेकलं ते कळवायचं, एवढंच त्याचं काम. पुढे त्या पडद्याचं काम निव्वळ सॉफ्टवेअरने करता येईल असं दिसलं आणि १९९८ मध्ये व्हीएनसी सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. म्हणजे मोबाइलवरून कॉम्प्युटर चालवणं ही मागाहून सुचलेली करामत नव्हे. व्हीएनसीची सुरुवातच हलक्या पडद्यापासून झाली. व्हीएनसी घडवणाऱ्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांचं नाव आणखी एका गोष्टीसाठी घेतलं जातं. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून ते भरलेलं आहे की रिकामं हे आपापल्या टेबलावरून पाहण्याची सोय करणाऱ्यांत ते होते. दूरची गोष्ट जागेवरून पाहायची, हा ध्यास तेव्हापासूनचा.

आता तुमच्या बोटाकडे येऊ. व्हीएनसीच्या बोलीत बोटाची एक हालचाल म्हणजे सहा बाइट. एक बाइट ‘हा माउसचा निरोप आहे’ असं सांगतो, एक कोणतं बटण दाबलेलं आहे ते सांगतो, दोन बाइट आडवं अंतर, दोन उभं अंतर. संपलं. कळ दाबली तर आठ बाइट, आणि कळ सोडली की पुन्हा आठ. दाबणं आणि सोडणं हे दोन वेगळे निरोप. म्हणूनच कंट्रोल दाबून धरलं आहे आणि तेवढ्यात सी दाबलं, हे दुकानातल्या कॉम्प्युटरला बरोबर समजतं. मोबाइलवरून जाणारा माल इतका थोडा आहे.

येणारा माल मात्र अवाढव्य. दुकानातला मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असेल, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचं. सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची म्हटली तर सेकंदाला जवळजवळ दीड गिगाबिट. गावातल्या मोबाइल टॉवरकडून ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

म्हणून सगळं कसब लागतं ते न पाठवण्यात. ‘कृपाभिलाषी’च्या ओळीखाली एक नाव टाकलंत, तर पडद्यावर बदलतो तो तेवढाच चौकोन. दुकानातला कॉम्प्युटर तेवढाच उचलतो, दाबून लहान करतो आणि पाठवतो. बाकीची पत्रिका मोबाइलकडे आधीच पोचलेली आहे. त्यातही एक युक्ती मला फार आवडते. तुम्ही एखादी खिडकी माउसने धरून डावीकडून उजवीकडे ओढलीत, तर तिच्यातलं चित्र बदललेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. अशा वेळी व्हीएनसी चित्र पाठवतच नाही. ‘तुझ्याकडे अमुक ठिकाणी जो तुकडा आहे तो उचलून तमुक ठिकाणी ठेव’ असा सोळा बाइटचा निरोप पाठवतो. पान वरखाली सरकवतानाही हाच निरोप कामी येतो.

मायक्रोसॉफ्टची रीत थोडी वेगळी. तिचं नाव आरडीपी. तीही १९९८ मध्येच, विंडोज एनटीच्या एका खास आवृत्तीबरोबर आली. ती शक्य तिथे चित्राऐवजी चित्र काढण्याची आज्ञा पाठवते : इथे रेघ मार, इथे ही अक्षरं लिही, इथे मघाचंच चिन्ह पुन्हा लाव. मजकुराच्या कामाला त्यामुळे ती चपळ वाटते. अलीकडची बरीच ॲप तर सिनेमा दाबण्यासाठी जे तंत्र वापरतात तेच पडद्यालाही लावतात.

तुमच्या कामापुरतं यातून निघतं ते असं. पडद्यावर जितकं कमी हलेल आणि जितके कमी रंग बदलतील, तितकं काम सुरळीत. दुकानातल्या डेस्कटॉपवर गणपतीचा मोठा फोटो असेल तर बाहेरून काम करताना तिथे साधा एकरंगी पडदा ठेवा. पेजमेकरच्या प्रेफरन्सेसमध्ये चित्रांसाठी ‘ग्रे आउट’चा पर्याय आहे, तो निवडलात की पत्रिकेवरच्या वेलबुट्टीऐवजी राखाडी चौकोन दिसतील आणि पान पटकन येईल.

आणखी एक दिलासा. वाटेत बोगदा लागला आणि रेंज गेली, तर काम वाया जात नाही. मोबाइलकडे फक्त चित्र होतं. अर्धवट टाइप केलेलं नाव दुकानात, कर्सर जिथे होता तिथेच उभं आहे. रेंज आली की पुन्हा जोडून पुढे चालू करायचं. ही सोय व्हीएनसीच्या कर्त्यांनी मुद्दाम ठेवली होती. एका जागेवरून उठावं, दुसऱ्या जागी बसावं आणि कर्सर होता तिथेच सापडावा.

मराठी टायपिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्याच दिवशी अडाल म्हणून सांगून ठेवतो. पेजमेकरला युनिकोड समजत नाही. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ‘क’ दाबलात की युनिकोडचा ‘क’ रवाना होतो आणि पेजमेकरमध्ये त्या जागी प्रश्नचिन्ह किंवा भलतंच अक्षर उमटतं. मोबाइलचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि दुकानात ज्या कळा दाबता त्याच दाबा. मराठी करण्याचं काम दुकानातलं सॉफ्टवेअर करील. तरीही अक्षरं उमटली नाहीत, तर ॲप कळ न पाठवता थेट अक्षर पाठवत असणार. त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची रीत बदलता येते का ते पाहा. आणि शब्द सुचवणं आधी बंद करा. मोबाइल सुचवलेला शब्द घालताना आधीची अक्षरं पुसून पुन्हा टाइप करतो, आणि त्या पुसापुशीत वधूचं नाव बदललं तर छापून आल्यावर कोण निस्तरणार? हे काम वारंवार असेल तर ब्लूटूथचा छोटा कीबोर्ड पिशवीत ठेवा.

प्रश्न : आमच्या घरच्या कॉम्प्युटरला मोबाइलसारखा नंबर नाही. मग माझा मोबाइल दुसऱ्या शहरातून त्याला शोधतो कसा?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : खरं सांगायचं तर तो शोधत नाही. दोघंही तिसऱ्याच ठिकाणी भेटतात.

इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते घरातल्या प्रत्येक यंत्राला पुरत नाहीत. म्हणून राउटर बाहेर एकच पत्ता दाखवतो आणि घरात १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. मोबाइल कंपन्या तर हजारो ग्राहकांना मिळून थोडेच बाहेरचे पत्ते वापरतात. राउटर इथे सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो. आतला माणूस बाहेर पडला तर त्याला हरकत नाही, आणि ज्याच्याकडे तो गेला त्याचा निरोप उलट आला तर तो आत सोडतो. अनोळखी माणूस आपण होऊन दारात उभा राहिला तर परत पाठवतो.

म्हणून तुमचा कॉम्प्युटर आधीच बाहेर पडून ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं जोडून ठेवतो. मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि एकमेकांचे बाहेरचे पत्ते सांगतो. दोघं एकाच वेळी एकमेकांकडे निरोप धाडतात, आणि दोन्हीकडच्या राउटरना वाटतं की समोरून येतंय ते आपल्याच माणसाला आलेलं उत्तर आहे. वाट मोकळी होते. हे साधलं तर चित्र थेट कॉम्प्युटरकडून मोबाइलकडे येतं. नाही साधलं तर सर्व्हरमार्गे येतं, थोडं रेंगाळत.

राउटरमध्ये कायमचं दार उघडून ठेवायचीही एक जुनी पद्धत आहे. आरडीपीसाठी ३३८९ आणि व्हीएनसीसाठी ५९०० ही दारं ठरलेली. इंटरनेटवरच्या काही व्हिडिओंत ती अजूनही शिकवतात. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नका. ही दोन्ही दारं रात्रंदिवस चाचपडणारे प्रोग्रॅम जगभर चालू असतात. मूळ व्हीएनसीचा पासवर्ड तर आठच अक्षरांचा, आणि पुढचं सगळं उघड्यावर चालायचं. मे २०१९ मध्ये आरडीपीतली ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी समोर आली. पासवर्डशिवायच आत शिरता येईल इतकी ती गंभीर होती. मायक्रोसॉफ्टने ज्याची देखभाल केव्हाच थांबवली होती त्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा दुरुस्ती काढली. गाठ घालून देणारं नावाजलेलं ॲप घ्या, त्यात लांब पासवर्ड आणि दुसरा पडताळा लावा. किंवा थोडी खटपट करायची तयारी असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन बसवून त्याच्या आतूनच आरडीपी वापरा. आरडीपीचं मात्र लक्षात ठेवा, बाहेरून जोडू देण्याची सोय विंडोजच्या होम आवृत्तीत नाही, प्रो लागते.

प्रश्न : मोबाइलवरून शाळेच्या कॉम्प्युटरवरची फाइल लहान करायला जातो आणि बंदच होते. बोटं जाड आहेत की ॲप वाईट?
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : दोन्ही नाही, गणित आहे. चोवीस इंची मॉनिटरची रुंदी ५३ सेंटिमीटर. साडेसहा इंची मोबाइल आडवा धरला तर त्यावर तेच चित्र साधारण १२ सेंटिमीटरांत बसतं. म्हणजे पाव भागापेक्षाही कमी. मॉनिटरवर पाच मिलिमीटरची असलेली फुली मोबाइलवर जेमतेम एक मिलिमीटरची होते. बोटाने बिनचूक दाबायचं तर बटण साधारण नऊ मिलिमीटरचं हवं, असं अँड्रॉइडचे आरेखनाचे नियमच सांगतात. विंडोजची बटणं माउसच्या टोकासाठी बेतलेली आहेत; त्यांच्यावर बोट नेमकं पडावं कसं?

उपाय जवळपास प्रत्येक ॲपमध्ये आहे, फक्त तो शोधावा लागतो. ‘टच’ऐवजी ‘ट्रॅकपॅड’ निवडा. मग बोट जिथे टेकेल तिथे क्लिक होत नाही. मोबाइलचा पडदा लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडचं काम करतो. बोट कुठेही फिरवा, बाण त्याप्रमाणे सरकतो आणि बोट बाणाला झाकतही नाही. बाण फुलीवर नेला की कुठेही टिचकी द्यायची. दोन बोटांची टिचकी बहुतेक ठिकाणी उजवं क्लिक होते.

ही सोयही आजची नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रॅड मायर्स यांनी १९९७ च्या सुमारास ‘पेबल्स’ हा प्रकल्प सुरू केला. पाम पायलट या हातात मावणाऱ्या यंत्राने टेबलावरचा कॉम्प्युटर कसा चालवता येईल याचा त्यात शोध होता. त्या यंत्राचा पडदा होता १६० बाय १६० ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत अख्खा डेस्कटॉप दाखवण्यापेक्षा तीच जागा माउससाठी वापरावी, हे त्यांच्या ‘रिमोट कमांडर’ने दाखवलं. वर्गात त्याचा एक उपयोग तुम्हीही करू शकता. प्रोजेक्टरला लावलेल्या कॉम्प्युटरचं चित्र मोबाइलवर आणायचंच नाही, मुलांमध्ये फिरता फिरता मोबाइल नुसता माउस म्हणून वापरायचा. त्यासाठी वेगळी छोटी ॲप असतात, आणि चित्र येणार नसल्याने ती शाळेच्या रडतखडत चालणाऱ्या वाय-फायवरही चालतात.

प्रश्न : नाशिकला आईबाबांचा कॉम्प्युटर मी इथून मोबाइलवरून सांभाळतो. दोन्हीकडे उत्तम इंटरनेट आहे, तरी सगळं मागे पडतं. अजून मोठा प्लॅन घ्यावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको. प्लॅनने नळ मोठा होतो, अंतर कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन येऊन पंचवीस हजार. म्हणजे अगदी आदर्श वाट असली तरी सेकंदाचा आठवा भाग नुसत्या प्रवासात जातो. प्रत्यक्षात केबल लाल समुद्र, इजिप्त, युरोप अशी वळणं घेत अटलांटिक ओलांडते, वाटेत यंत्रं लागतात, त्यामुळे पाव सेकंद सहज जातो. माणसाला ‘लगेच झालं’ असं वाटायचं तर उत्तर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात यावं लागतं. तुम्ही त्या मर्यादेच्या पलीकडे बसला आहात आणि कोणतीही कंपनी तुम्हाला अलीकडे आणू शकणार नाही.

काम कसं करायचं ते मात्र आपल्या हातात आहे. ओढण्याची कामं सर्वांत त्रासाची, कारण हात कुठे पोचला ते पाहून हात पुढे न्यायचा असतो आणि प्रत्येक पाहण्यात पाव सेकंद उशीर. म्हणून ओढू नका, कळा वापरा. खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ४, फाइल दुसरीकडे न्यायला ओढण्याऐवजी कट आणि पेस्ट. कळा न थांबता एकामागून एक पाठवता येतात, उत्तर मागाहून आलं तरी बिघडत नाही. ॲपमध्ये बाण मोबाइलनेच काढण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा; बाण बोटाबरोबर हलतो आणि मागे पडल्याची भावना बरीच कमी होते.

आणि आईबाबा शेजारी असतील तर त्यांना फोनवर घ्या, बाण फिरवून दाखवा आणि क्लिक त्यांना करू द्या. पुढच्या वेळी तेवढ्यासाठी त्यांना तुमची झोपेची वेळ मोडावी लागणार नाही.

प्रश्न : घरचा कॉम्प्युटर बंद असेल तर मोबाइलवरून चालू करता येतो का? आमच्याकडे वीज जाते-येते.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : वीज असेल आणि तयारी केलेली असेल तर येतो. बंद केलेल्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते. ते एकाच निरोपाची वाट पाहत असतं. त्या निरोपात आधी एकाच मूल्याचे, म्हणजे २५५ चे, सहा बाइट असतात आणि मग त्या कार्डाचा स्वतःचा सहा बाइटचा क्रमांक सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. तो ओळखला की कार्ड कॉम्प्युटर सुरू करतं. याला वेक-ऑन-लॅन म्हणतात. बायोसमध्ये आणि विंडोजमध्ये दोन्हीकडे ते चालू करावं लागतं, आणि कॉम्प्युटर वाय-फायवर नव्हे, केबलने जोडलेला बरा.

अडचण अशी की हा निरोप घरातल्या घरात पुकारायचा असतो, बाहेरून राउटर तो सहसा आत येऊ देत नाही. काही राउटरमध्येच तो पुकारण्याची सोय असते. नाही तर घरात सतत चालू असणारं एखादं लहान यंत्र लागतं.

वीज जाऊन आली तर हिशेब वेगळा. बऱ्याच मशीनमध्ये वीज पूर्ण तुटल्यावर कार्ड ही वाट पाहणं विसरतं. त्यासाठी बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाची ओळ शोधा आणि ती ‘पॉवर ऑन’ करा. मग वीज आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल. तुमच्या गावासाठी मी आधी हेच करीन, वेक-ऑन-लॅन नंतर. पण मशीन सुरू होऊन पासवर्डच्या पडद्यावर थांबलं तर तिथेही ॲप जोडलं जातं ना, हे घर सोडण्यापूर्वी एकदा खरोखर बंद करून, चालू करून तपासा. कॉम्प्युटर चोवीस तास चालूच ठेवायचा विचार असेल, तर नुसता बसून ५० वॅट खाणारं मशीन महिन्याला ३६ युनिट खातं.

प्रश्न : बँकेतून बोलतोय असं सांगून एकाने आईकडून मोबाइलमध्ये असंच ॲप टाकून घेतलं आणि आकडे विचारले. तिने सांगितले, मग घाबरून फोन बंद केला. ॲप बनावट होतं का? आता काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ॲप बहुधा अस्सलच असणार, आणि म्हणूनच हा प्रकार फसवा आहे. वर सांगितलेला सगळा व्यवहार इथे उलटा होतो. चित्र जातं ते आईच्या मोबाइलचं, आणि पाहणारा परका. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या ॲपचं नाव घेऊन याबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲपमध्ये एक क्रमांक दिसतो, तो सांगितला आणि परवानगीचं बटण दाबलं की समोरच्याला पडदा दिसू लागतो. मग ओटीपी कुणाला सांगावाच लागत नाही. तो मेसेज पडद्यावर येतो तेव्हा समोरचा तो वाचत असतो. अँड्रॉइडवर आणखी एक परवानगी दिली तर तो बोटही चालवू शकतो.

तुमच्या आईने फोन बंद केला हे फार योग्य केलं. तिला बोल लावू नका. हे लोक रोज हेच काम करतात, घाईत टाकून बोलतात, आणि पेन्शन किंवा खातं बंद पडेल म्हटल्यावर कोणाचंही चित्त थाऱ्यावर राहत नाही. घरच्यांच्या रागाच्या भीतीने कितीतरी वयस्कर माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि या प्रकारात तेवढा वेळच सर्वांत महाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवेपर्यंतचंच नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेने सोसायचं असतं. म्हणून पैसे गेल्याचं दिसत नसलं तरी आजच कळवा.

फोन पुन्हा चालू कराल तेव्हा आधी वाय-फायचा राउटर बंद करा, फोनमधलं सिम काढून ठेवा, म्हणजे चालू होताच तो कुठे जोडला जाणार नाही. मग ते ॲप काढून टाका. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ओळखीचं नसलेलं काही चालू राहिलेलं नाही ना ते पाहा. त्याच दिवशी आणखी एखादं ॲप किंवा लिंकवरून आलेली फाइल बसवली होती का, हे आईला शांतपणे विचारा. असेल तर फोन फॅक्टरी रीसेट करणंच चांगलं. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदला, पण या फोनवरून नव्हे. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधू नका, कारण तिथे या टोळ्यांनी पेरलेले खोटे नंबरही सापडतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० आहे. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा, आणि तुमच्या स्वतःच्या फोनवरून लावा.